कोठारं मोडून मोठी बांधताना : रीडेव्हलपमेंट, समाधान आणि लूक १२

प्रश्न
घोरपडीची सून

सर्वांना सलाम.

आमची सोसायटी 1986 सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, चोवीस बिऱ्हाडं. आमचं घर पहिल्या मजल्यावर, कार्पेट 430 स्क्वेअर फूट. लग्न होऊन मी याच घरात आले. आता घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशी गादी टाकतो. पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल येते. हे सगळं पहिल्यापासून असंच आहे, पण मला ते कधी टोचलं नव्हतं. रात्री प्रार्थनेला बसलं की सासूबाई डोक्यावरच्या छपरासाठी आभार मानायच्या आणि मी मनापासून आमेन म्हणायचे.

गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटचं बोलणं निघालं. बिल्डर 35 टक्के जादा कार्पेट द्यायला तयार आहे, म्हणजे आम्हाला 580 च्या आसपास मिळेल. शिवाय बांधकाम होईपर्यंतचं भाडं आणि थोडा कॉर्पस, म्हणजे सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम. एवढं ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण तेव्हापासून माझ्या मनातली शांती गेली. तीच ओल आता दिवसातून दहा वेळा दिसते. शेजारच्या विंगमधल्या वहिनींचा हॉल आमच्यापेक्षा मोठा आहे का, हे मी टेप लावून मोजून आले. रविवारी प्रभुभोजनाची रांग पुढे सरकत होती आणि मी मनात स्क्वेअर फुटांचा गुणाकार करत होते.

खरा पेच पुढे आहे. 580 मध्ये दुसरी बेडरूम नीट बसत नाही. आणखी 140 फूट विकत घेतले तर टू बीएचके होतं. बिल्डरचा दर 9,500 रुपये फूट, म्हणजे तेरा लाख तीस हजार; नोंदणीचा आणि बाकीचा खर्च वेगळा. मिस्टर हडपसरला कारखान्यात आहेत, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. हप्ता बसेल, पण ओढूनताणून. सध्या आम्ही मंडळीला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देतो आणि माझ्या विधवा बहिणीच्या मुलीची फी भरतो. हप्ता सुरू झाला की त्यातलं काहीतरी आधी कापलं जाईल.

तिकडे सोसायटीत काही सभासद म्हणतात, सही करू नका, अडून बसलात तर बिल्डर 45 टक्क्यांपर्यंत येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर एका प्रचारकाचे व्हिडिओ फिरतात, की विश्वासाने मोठं घर मागा, आधी बी म्हणून अर्पण पाठवा, देव दुप्पट देईल. ते ऐकून मला धीर येत नाही, उलट जीव घाबरा होतो.

आणि आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका लूक १२, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय, घेतला. त्यातल्या येशूच्या दाखल्यात धनवान माणसाच्या जमिनीला अमाप पीक येतं आणि तो म्हणतो, मी आपली कोठारं मोडून मोठी बांधीन. देव त्याला मूर्ख म्हणतो. मंडळीत आमच्या सोसायटीची तीन कुटुंबं बसतात. आम्ही तिघीही खाली बघत होतो.

म्हणून मनापासून विचारते. मोठं घर हवंसं वाटणं हा लोभ का? समाधानी राहायचं म्हणजे मिळेल त्यावर सही करून गप्प बसायचं का? आणि जे समाधान माझ्याकडे होतं, ते परत कसं आणायचं?

---

पिंपरीकर

सलाम ताई. मी थोडक्यात आणि व्यवहाराचं लिहितो.

म्हाताऱ्या सासूला दार लावून झोपता यावं, दहावीच्या मुलाला अभ्यासाला कोपरा असावा, ही गरज आहे. तिला लोभ म्हणू नका. आपल्या लोकांत एक सवय आहे, साध्या गरजेलाही पाप म्हणून मन खात बसायचं. त्याने देवाचा गौरव होत नाही.

अडून बसण्याबद्दल मात्र सांगतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या नियमांप्रमाणे पुनर्विकासाचा निर्णय बहुमताने होतो, 51 टक्के सभासदांची संमती पुरते. तुम्ही एकट्याने अडून बिल्डर हलेलच असं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं एक वर्ष मात्र जिन्यात जाईल. सगळ्यांनी मिळून टेंडर मागवा, दोन-तीन बिल्डरांचे आकडे समोर ठेवा, चांगल्या सल्लागाराकडून तपासून घ्या. सगळ्यांसाठी उघडपणे मागितलेलं जास्त हे न्याय्य मागणं आहे. एकट्यासाठी बंद दाराआड मागितलेलं जास्त, त्यापासून लांब राहा. बायबलमध्ये अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी, त्याने बऱ्या झालेल्या नामान सरदाराच्या मागे धावत जाऊन दोन हंडे चांदी आणि दोन पोशाख आणले, ते अलीशाला नकळतच आणले होते.

आणखी एक. कॉर्पस हातात आला की कोणीतरी ऑप्शन ट्रेडिंगचं सुचवेल. आमच्या कंपनीत निम्मी तरुण पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तेच करतात. सेबीने 2024 साली अभ्यास जाहीर केला, त्यात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांनी पैसे घालवलेले दिसले. त्या वाटेला जाऊ नका.

---

पंचहौदची मावशी

बाळ, तुझा प्रश्न वाचला आणि काल रात्री लूकचा बारावा अध्याय पुन्हा उघडून बसले. मी निवृत्त शिक्षिका. गुरुवार पेठेत राहते, पवित्र नाम देवालयाच्या घंटा घरात ऐकू येतात. तुला सावकाश लिहिते, कारण ही गोष्ट घाईने उरकण्यासारखी नाही.

आधी तो दाखला कशावरून निघाला ते बघ. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे म्हणून. बहुधा त्याचा हक्कही खरा असेल. येशू त्याला खोटा ठरवत नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, एवढंच विचारतो, आणि मग सगळ्यांकडे वळून लोभापासून सांभाळायला सांगतो. म्हणजे हक्क बरोबर असला तरी त्याच्या आडून लोभ आत शिरू शकतो. तुझे ते 35 टक्के तुझ्या हक्काचे आहेत, ते तू घे. टेप घेऊन वहिनींच्या घरात गेलीस, त्या वेळी तुझ्या मनात कोण शिरलं ते तू स्वतःच ओळखलं आहेस, म्हणून तर हे लिहिलंस.

आता तो धनवान माणूस. त्याने चोरी केली नाही, कोणाला फसवलं नाही. पीक देवाने दिलं. मी हा उतारा शब्बाथशाळेच्या मुलांना शिकवायचे तेव्हा त्यांना एक काम द्यायचे : या गोष्टीत तो कोणाकोणाशी बोलतो, ते शोधा. मुलं शोधायची आणि कोणीच सापडायचं नाही. तो मनात विचार करतो, स्वतःच्या जिवाशी बोलतो, माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. बायको नाही, शेजारी नाही, कापणी करणारे मजूर नाहीत. आणि त्याची कोठारं आधीच भरलेली होती, म्हणून तर नवं पीक मावेना. त्या घटकेला गावात कोणाच्या तरी घरी कणगी रिकामी असेलच. त्याला ते सुचलंही नाही.

बांधणं हे पाप असतं तर आमच्या केडगावचं काय म्हणायचं? माझी आई तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनमध्ये वाढली. रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. मग दुष्काळ पडला, आणि 1897 च्या सुमारास त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, जागा नाही. दौंडच्या रेल्वेलाइनवर केडगावला माळरान घेतलेलं होतं, तिथे विहिरी खणल्या, झोपड्या उठवल्या, मग पक्क्या इमारती, मोठं देऊळ, छापखाना. रमाबाई आयुष्यभर बांधतच होत्या. प्रत्येक वेळी भिंत सरकवली ती आणखी कोणी आत यावं म्हणून. स्वतः मात्र अगदी साधेपणाने राहिल्या. शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी बायबल करण्यात घालवली आणि 1922 साली ते काम हातावेगळं करून गेल्या. आई सांगायची, तिथे कोणाकडे फारसं काही नव्हतं, पण ताटात किती आलं यापेक्षा पंगतीत कोण राहिलं हे आधी बघायचं, असं वळण होतं.

आता समाधानाचं. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं की मी ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला शिकलो आहे. हे वचन सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुठे आलंय ते बघ. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली, त्याबद्दल तो आभार मानतोय. म्हणजे मिळालेलं त्याने आनंदाने घेतलं, नको नको केलं नाही. आणि ती देणारी मंडळी मासेदोनियातली, जिच्याबद्दल तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लिहितो की कमालीच्या दारिद्र्यातही त्यांनी उदारपणे दिलं. तिथेच थोडं पुढे आलेलं वचन, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे लोक गाडीच्या काचेवर लावतात, परीक्षेच्या पॅडवर लिहितात. ते सर्व काही म्हणजे काय, हे आदल्या ओळीत आहे : तृप्त राहणं आणि उपाशी राहणं, दोन्ही. विपुलतेतही कसं राहायचं हे शिकावं लागतं, असं पौल म्हणतो. तुझ्या आयुष्यात तो धडा आत्ता आला आहे. इतकी वर्षं तू कमीमध्ये राहायला शिकलीस आणि छान शिकलीस. जास्त समोर उभं राहिलं की मन कसं वागतं, हे आता दिसतंय. तुझं पहिलं समाधान खोटं होतं असं मनाला लावून घेऊ नकोस.

ते परत कसं आणायचं, असं विचारलंस. मी करते ते सांगते. पेन्शन सुरू झाली तेव्हा घरखर्चाला किती लागतं हे मी आधी कागदावर लिहिलं आणि तो कागद बायबलच्या मागच्या पानात ठेवला. महागाई वाढली की आकडा बदलते, पण बदलण्याआधी माझ्या मैत्रिणीला दाखवते, कारण एकटीने ठरवलं तर आकडा हळूच फुगतो. पेन्शन वाढली, फरकाची रक्कम आली, तर कागदावरच्या आकड्याच्या वरचं माझं नाही, हे आधीच ठरलेलं असतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने तरुणपणी ऑक्सफर्डला असंच केलं होतं. वर्षाला तीस पौंड मिळत होते तेव्हा अठ्ठावीसमध्ये भागवलं, आणि पुढे मिळकत साठ झाली, नव्वद झाली तरी अठ्ठावीसमध्येच भागवून बाकीचं देऊन टाकलं. माझी काही तेवढी पोच नाही. पण हद्द पैसा येण्याआधी घालायची, आल्यावर नाही, हे मी पक्कं धरलं आहे. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाचं तसंच होतं. माणशी एक ओमर, हे माप तो गोळा करायच्या वेळीच सांगितलं होतं. ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले.

आणि एक सावधगिरी, बाईमाणूस म्हणून. समाधान दुसऱ्याच्या डोक्यावर लादू नकोस. रेव्हरंड टिळक थोर कवी, थोर भक्त. 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार उभा केला. पैशाला ते कधी चिकटले नाहीत. पण हातातलं देऊन टाकल्यावर घरी चूल कशी पेटायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसलं आणि मोकळेपणाने लिहूनही ठेवलं. तू उद्या म्हणशील, मला 580 पुरे आहेत, मी समाधानी आहे. मग दिवाणावर झोपायचं सासूबाईंनी. तेव्हा आधी त्यांना विचार.

बहिणीच्या मुलीची फी हप्त्यासाठी बंद करायची वेळ येणार असेल, तर ते 140 फूट घेऊ नकोस. त्यात मला शंका वाटत नाही.

---

खडकी बाजार

मावशींचं सगळं पटलं. एक बाजू राहिली, ती मांडतो. जरा कडक वाटेल, पण मनापासून लिहितोय.

माझे वडील एका सोसायटीत वॉचमन होते. जिन्याखालच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. ती सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. सभासदांना जादा फूट, भाडं, कॉर्पस, सामान हलवायचा खर्चसुद्धा मिळाला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये आमचं नाव कुठेच नव्हतं, आणि कायद्याने असायचं कारणही नव्हतं. महिनाअखेरीस खोली रिकामी करा, एवढाच निरोप आला. त्या बिल्डिंगमध्ये चार घरं ख्रिस्ती होती. दर नाताळला आम्हाला केक आणि करंज्या यायच्या. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या हिशोबात आम्ही आलोच नाही, एवढंच.

वडील खूप समाधानी माणूस. तक्रार केली नाही, ट्रंक उचलली आणि निघाले. त्यांच्या त्या समाधानाचं मंडळीत कौतुकही झालं. तेव्हापासून मला वाटतं, गरिबाच्या समाधानाची स्तुती करण्याआधी आपण थोडं थांबावं. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली असं लिहिलंय. मजुरांनी समाधानी राहावं, असं तिथे लिहिलेलं नाही.

ताई, तुमच्या सोसायटीतही जिन्याखाली कोणी असेल. धुणीभांडी करणाऱ्या बायका असतील, ज्यांची पाच-सहा घरं एका दिवसात बंद होतील. भाड्याने राहणारी कुटुंबं असतील; भाडं घरमालकाला मिळणार, ते भाडेकरू कुठे जाणार? मीटिंगमध्ये हा विषय काढायला पैसे लागत नाहीत. तीन-चार महिन्यांची आगाऊ सूचना, वॉचमनचा सगळा हिशोब चुकता, नव्या इमारतीत त्यालाच आधी विचारायचं, एवढं ठरावात लिहून घ्या. चोवीस घरांच्या कॉर्पसमधून थोडंथोडं काढलं तर त्या कुटुंबाचं वर्षाचं भाडं निघतं.

मावशींनी मुलांना दिलेलं काम मलाही करावंसं वाटतंय. तुमचा प्रश्न मी पुन्हा वाचला. सासूबाई आहेत, मुलगा आहे, बहीण आहे, हे चांगलंच आहे. जिन्याखालचं कोणी नाही.

---

घोरपडीची सून

सगळ्यांची आभारी आहे. मावशींचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मला वेगळी खोली नको, मला एकटीला झोप लागत नाही, नातवाला दे. मिस्टर म्हणाले, हे तू आधी विचारायला हवं होतंस. आम्ही दोघी गप्प.

खडकीच्या दादांना काय लिहू? आमच्याकडे आहेत. नेपाळी कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुली, पंपाच्या खोलीला लागून. मोठी मुलगी आमच्या मुलाच्याच शाळेत, नववीला. मी रोज तिच्याशी बोलते. प्रश्न लिहिताना ती डोळ्यांसमोर आली नाही, हे खरं आहे.

घरात काय ठरलं ते सांगते. मिस्टरांनी आणि मी एक आकडा लिहिला : बहिणीच्या मुलीची फी आणि दशांश बाजूला काढून महिन्याला जास्तीत जास्त किती हप्ता. कागद सासूबाईंकडे आहे. त्या आकड्यात 140 फूट बसत नाहीत. बिल्डरकडे 580 मध्येच आडवी भिंत घालून मुलासाठी छोटी खोली निघते का, ते विचारणार आहोत. नकाशा काढणारे म्हणाले, खिडकी एकाच खोलीला राहील. बघू.

अडून बसणाऱ्यांबरोबर आम्ही जाणार नाही, पण पिंपरीच्या दादांनी सांगितलं तसं टेंडरचा आग्रह धरणार. दोन घरांनी पाठिंबा दिला आहे, त्यातलं एक मंडळीतलंच.

मन अजून शांत झालेलं नाही. काल लॅबमधून येताना नव्या बिल्डिंगची जाहिरात दिसली आणि मी थांबून दर वाचला. पण रात्रीच्या प्रार्थनेत आता आम्ही पंपाच्या खोलीतल्या चौघांची नावं घेतो. माझ्या मुलाने सुरुवात केली, त्याला नावं माहीत होती. मला धाकटीचं माहीत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी जनरल बॉडी आहे. वॉचमनच्या कुटुंबाचा मुद्दा विषयपत्रिकेत घालायला सेक्रेटरी तयार नाहीत. ऐनवेळच्या विषयांत बोला म्हणतात, आणि तोपर्यंत निम्मे लोक उठून जातात. लेखी अर्ज दिला तर तो घ्यावाच लागतो का? अर्जावर किती सभासदांच्या सह्या लागतात? खडकीचे दादा किंवा आणखी कोणी हे केलं असेल तर मसुदा टाका. शनिवारपर्यंत मिळाला तर सह्या गोळा करायला रविवार मिळेल.